घरासमोरची बाग, ओपन स्पेस, नदीकाठ आणि घराची किंमत : सांगली-मिरज-कुपवाडकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लॅट दाखवायला नेणारा एजंट आधी हॉलची खिडकी उघडतो. बाहेर झाडं दिसली की लगेच म्हणतो, “समोर कायम मोकळं राहणार, साहेब.” चौरस फुटामागचे शंभर-दोनशे रुपये या “कायम” शब्दापोटी जास्त जातात. ती झाडं ज्या जमिनीवर उभी आहेत तिचं कागदावर काय आहे, हे मात्र खिडकीतून दिसत नाही. पुढचे बहुतेक प्रश्न त्याच जमिनीबद्दल आहेत.

बागेजवळ घर असलं की किंमत खरंच वाढते का?

वाढते, पण एजंट सांगतो तेवढी क्वचितच. या विषयावर सर्वांत जास्त काम अमेरिकेत झालं आहे. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या जॉन क्रॉम्प्टन यांनी २००१ मध्ये तोवरचे पुष्कळ अभ्यास एकत्र तपासले. शांत, झाडी असलेल्या बागेला अगदी लागून असलेल्या घरासाठी सुमारे २० टक्के वाढ हा सुरुवातीचा अंदाज म्हणून धरावा, असं त्यांनी सुचवलं. पोर्टलंड शहरात २०१० मध्ये नुसत्या रस्त्याकडेच्या झाडांचा हिशोब झाला. झाडांमुळे घराची किंमत सरासरी ८,८७० डॉलरने वाढली आणि घर पावणेदोन दिवस लवकर विकलं गेलं. (आपल्याकडे घर विकायला महिने लागतात, तेव्हा पावणेदोन दिवसांचं कौतुक तिकडेच राहू दे.)

हे २० टक्के सांगलीतल्या फ्लॅटला जसेच्या तसे लावू नका. तिकडची घरं एकेकटी, अंगणाची असतात आणि बागेची देखभाल ठरलेली असते. आपल्याकडे गिऱ्हाईक आधी रस्त्याची रुंदी बघतं, मग पाण्याची वेळ, मग कागद आणि नदीच्या बाजूला असेल तर २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं ते. या चारही गोष्टी जमल्या की मग बागेचा विचार होतो. यातली एक जरी बिघडली तरी बाग ती भरून काढत नाही.

किती अंतरापर्यंत फरक पडतो?

बहुतेक फरक ५०० फुटांच्या, म्हणजे साधारण १५० मीटरच्या आत असतो. पुढे तो झपाट्याने विरतो. मात्र अंतर पायी चालून मोजा. मोबाइलच्या नकाशावर बाग ८० मीटरवर दिसते, पण तिचं फाटक पलीकडच्या रस्त्यावर असतं आणि मधे कंपाउंडची भिंत. मग चालायचं अंतर अर्धा किलोमीटर होतं. सांगली-मिरज रस्त्यासारखा वाहता रस्ता मधे आला तर म्हातारी माणसं आणि लहान मुलं तिकडे जातच नाहीत. त्या घराला बागेचा जो काही फायदा, तो फक्त नजरेपुरता.

समोर हिरवं आहे, म्हणजे बागच ना?

इथेच सर्वांत जास्त फसगत होते. गॅलरीतून सारखंच दिसणारं हिरवं कागदावर पाच वेगवेगळ्या प्रकारचं असू शकतं.

पहिला प्रकार महापालिकेच्या ताब्यातल्या, विकसित झालेल्या बागेचा. सांगलीतल्या आमराईसारखी जुनी, नांदती बाग डोळ्यांसमोर आणा. जमिनीच्या उताऱ्यावर महापालिकेचं नाव असतं. “कायम” हा शब्द शोभतो तो इथेच.

दुसरा, शहराच्या विकास योजनेत (कुठली जागा कशासाठी, हे ठरवणाऱ्या आराखड्यात) “उद्यान” किंवा “क्रीडांगण” म्हणून आरक्षित असलेली, पण अजून खासगी मालकाच्या नावावर असलेली जागा. तिच्यात बाभळी आणि घाणेरी माजलेली असते. एजंट “इथे गार्डन होणार” म्हणतो, आणि होईलही. नाही झाली तर तिथे चार मजली इमारत उभी राहील. ते कसं, हे पुढे आरक्षणाच्या प्रश्नात आहे.

तिसरा प्रकार मंजूर ले-आउटमधल्या ओपन स्पेसचा. ती त्या ले-आउटच्या प्लॉटधारकांच्या वापरासाठी असते. तिच्या शेजारी कधी सुविधा भूखंडही असतो. दोन्ही आज मोकळे आणि सारखेच दिसतात, पण सुविधा भूखंडावर उद्या शाळा, दवाखाना किंवा हॉल होऊ शकतो. नकाशावर कुठला कोणता ते वाचून घ्या.

चौथा, शेती विभागातलं शेत. कुपवाड किंवा मिरजेच्या कडेच्या नव्या वसाहतींत “ग्रीन व्ह्यू” म्हणून बहुतेक वेळा उसाचा फड दाखवतात. ऊस तुटला की समोर काळं रान. पाला पेटवला की वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी. घोणस फडातून कंपाउंडपर्यंत येते, ते वेगळंच. आणि शहर वाढलं की ते शेत सगळ्यांत आधी प्लॉटिंगला जातं. अशा देखाव्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये.

पाचवा म्हणजे नदी किंवा नाल्याकाठचा पूरपट्टा. तो मोकळा राहतो हे खरं, पण का राहतो तेही बघायला हवं.

हे तपासायचं कसं? नेमकी कुठली कागदं मागायची?

१. स्वतःच्या मिळकतीचा सि.स.नं. (सिटी सर्व्हे नंबर) किंवा सर्व्हे/गट नंबर हिस्सा नंबरासह घ्या. नुसता “प्लॉट नं. १४” उपयोगाचा नाही. प्लॉट नंबर प्रत्येक ले-आउटमध्ये एकपासूनच सुरू होतो.

२. समोरच्या हिरव्या जागेचाही नंबर काढा. बहुतेक लोक हे करत नाहीत. आपल्या मिळकतीचा झोन दाखला (जमीन कोणत्या वापराच्या विभागात येते ते सांगणारा) स्वच्छ येतो आणि ज्या जागेसाठी जास्त पैसे दिले तिचं काहीच माहीत नसतं. गावठाणाबाहेर सातबारा आणि गट नकाशा, सिटी सर्व्हे झालेल्या भागात मालमत्ता पत्रक. सातबारा आणि मालमत्ता पत्रक महाभूमीच्या संकेतस्थळावर मिळतात.

३. महापालिकेच्या नगररचना विभागात दोन्ही नंबरांचा विकास योजनेचा भाग नकाशा आणि झोन दाखला मागा. भाग नकाशावर नुसत्या रंगावर जाऊ नका, कडेची सूची वाचा. शेती विभागही हिरवा असतो, उद्यानही हिरवं असतं. आरक्षणाला क्रमांक आणि नाव असतं. नियोजित रस्त्याची रेघ त्या जागेतून गेली आहे का, तेही बघा. बाग आणि गॅलरी यांच्या मधून १२ किंवा १८ मीटरचा रस्ता जाणार असेल तर पुढे काय ऐकू येणार ते वेगळं सांगायला नको.

४. ले-आउटची मंजूर प्रत सही-शिक्क्यासह मागा. विकणाऱ्याने रंगीत ब्रोशर दिलं तर ते बाजूला ठेवा.

५. आरक्षण बदलाची नोटीस निघाली आहे का ते विचारा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली मंजूर योजनेत फेरबदल होतो, कलम २६ खाली नवी प्रारूप योजना प्रसिद्ध होते. दोन्हींत हरकत घ्यायला मुदत असते, आणि नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येते.

बागेचं आरक्षण उठू शकतं का?

हो. त्याच कायद्याच्या कलम १२७ मध्ये तरतूद आहे. विकास योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत नियोजन प्राधिकरणाने जागा संपादन केली नाही, तर मालक खरेदी सूचना, म्हणजे “जागा संपादन करा” अशी नोटीस, देऊ शकतो. सूचना मिळाल्यापासून २४ महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्यासाठी खरीखुरी पावलं उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. महासभेत ठराव केला म्हणजे पाऊल उचललं असं न्यायालयं मानत नाहीत. आरक्षण गेलं की लगतच्या जमिनीला जो वापर चालतो तो या जागेलाही चालतो. म्हणजे निवासी भागात ती निवासी होते.

आता खिडकीकडे परत या. “गार्डन फेसिंग” म्हणून घेतलेल्या फ्लॅटसमोर भिंत उभी राहते ती याच वाटेने, आणि त्यात बेकायदा काही नसतं.

म्हणून समोरची जागा आरक्षित पण खासगी असेल, तर माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाका. विचारायचं एवढंच : या आरक्षणासाठी कलम १२७ ची खरेदी सूचना आली आहे का, कोणत्या तारखेला, आणि त्यावर काय कार्यवाही झाली. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. फ्लॅटचं बयाणा देण्याआधी महिनाभर थांबता येत असेल तर याच्याइतकी स्वस्त चौकशी दुसरी नाही.

उलट, मालकाने मोबदल्यात टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) घेऊन जागा महापालिकेला दिली असेल आणि उताऱ्यावर महापालिकेचं नाव लागलं असेल, तर ती बाग आज उजाड दिसली तरी भरवशाची आहे.

बागेसाठी आरक्षित प्लॉट स्वस्तात मिळतोय. घेऊ का?

राहायला घर बांधायचं असेल तर नको. बांधकाम परवानगी मिळत नाही, बँक कर्ज देत नाही. “आरक्षण उठतंय, फाइल वर गेलीय” असं सांगणाऱ्याला खरेदी सूचनेची पोच पावती दाखवायला सांगा. ज्याच्याकडे ती आहे तो सहसा स्वस्तात विकत नाही.

ले-आउटमधली ओपन स्पेस कोणाची? तिच्यावर बांधकाम झालं तर?

डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेच्या ले-आउटमध्ये १० टक्के जागा मनोरंजनासाठी खुली ठेवावी लागते. एकरभराचा (सुमारे ४,०४७ चौ.मी.) ले-आउट असेल तर साधारण ४०० चौरस मीटर, म्हणजे चार गुंठ्यांच्या आसपास. त्यात ठरावीक मर्यादेत क्लबहाऊस, व्यायामशाळा असं चालतं. ती जागा प्लॉट पाडून विकणं चालत नाही.

व्यवहारात मात्र तसं होतं, आणि सुरुवात देवळापासून होते. आधी चबुतरा, मग पत्र्याची शेड, मग सभामंडप. दहा वर्षांनी ओपन स्पेस म्हणून उरतं ते चारचाकी लावायचं मैदान. हे घडत असताना कोणी बोलत नाही, कारण बोलणारा वाईट ठरतो. प्लॉटधारकांनी संस्था नोंदवून मंजूर नकाशा आणि मोजणीची प्रत दप्तरी ठेवली, चारही कोपऱ्यांवर दगड बसवले आणि कडेने झाडं लावली, तर अतिक्रमणाला जागा राहत नाही. मोजणीसाठी भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करावा लागतो. वाद सुरू होण्याआधी करा. वाद पेटल्यावर मोजणीदारासमोर दगड हलवले जातात.

कायदा तुमच्या बाजूला आहे. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तो निर्णय रद्द ठरवला. उद्यानाजवळ राहणाऱ्या नागरिकांना अशा बाबतीत दाद मागायचा हक्क आहे, हेही त्यात मान्य झालं.

आमचा भाग गुंठेवारीचा आहे. तिथे हा प्रश्न येतो का?

वेगळ्या प्रकारे येतो. गुंठा-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून (एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट) विकलेल्या वसाहतीत ओपन स्पेस ठेवलेलीच नसते. जमीनमालकाने तीही विकलेली असते. महाराष्ट्र गुंठेवारी अधिनियम २००१ चा आहे. २०२१ च्या सुधारणेने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी नियमित करायची वाट उघडली. नियमितीकरणाचं प्रमाणपत्र मिळालं की किंमत सुधारते, पण ती कागदामुळे. बाग त्यातून येत नाही. आणि तुमचाच प्लॉट मूळ उद्यानाच्या आरक्षणावर पडलेला असेल तर नियमितीकरण तिथेच अडतं. घेण्याआधी भाग नकाशा बघा, असं गुंठेवारीत दुप्पट जोराने सांगावं लागतं.

जवळच्या दोन वसाहती, एक मंजूर ले-आउटची आणि एक गुंठेवारीची, यांच्या भावातल्या फरकाला “बागेचा भाव” समजू नका. त्यात रस्त्याची रुंदी, गटार, कर्ज मिळण्याची सोय असं बरंच काही मिसळलेलं असतं.

नदीकाठची मोकळी हवा, कृष्णेचा देखावा... त्याला जास्त पैसे द्यावेत का?

जगात सगळीकडे पाण्याचा देखावा महाग विकतो. सांगलीत देखाव्याबरोबर पाणीही घरात येतं. २००५, २०१९ आणि २०२१ अशा तीन मोठ्या पुरांनंतर ते लहान मुलालाही माहीत आहे. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं.

कागदावर दोन रेषा बघायच्या. निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. नदी आणि निळ्या रेषेमधला पट्टा निषिद्ध. तिथे बाग, हिरवळ, वाहनतळ, खुला भाजीबाजार असे वापर चालतात, नवं घर चालत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे बांधकामाला परवानगी मिळू शकते, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर. म्हणजे नदीच्या बाजूला कायम हिरवा राहणारा पट्टा खरोखरच कायमचा असतो, कारण तो नदीचा आहे. त्याला लागून असलेल्या घराला देखावा मिळतो आणि दर काही वर्षांनी त्याचा हप्ताही भरावा लागतो. “१०० वर्षांतून एकदा” याचा अर्थ आता शंभर वर्षं निवांत, असा नाही. दर वर्षी शंभरात एक शक्यता, एवढाच.

जागेवर काय बघायचं? वीजमीटर कुठे आहेत ते आधी बघा. आजूबाजूच्या जुन्या इमारतींत मीटर तळमजल्यावरून काढून जिन्याच्या वळणावर बसवले असतील, तर तिथे पाणी येऊन गेलं आहे, बोलणारा काही म्हणो. भिंतीवर ठरावीक उंचीपर्यंतच नवा गिलावा किंवा रंग आहे का, प्लास्टरवर आडवी पांढरी खारट रेघ आहे का. मग गल्लीतल्या किराणा दुकानदाराला विचारा, “किती फुटाला तुमच्याकडे पाणी येतं?” पूरभागातला माणूस हे उत्तर फुटांत देतो : चाळीसला ओढ्यात, त्रेचाळीसला कोपऱ्यावर. ओढा हा शब्द ऐकला की कान टवकारा. नदी काठ ओलांडण्याच्या कितीतरी आधी पाणी नाल्यांतून आणि गटारींतून उलटं शिरतं. त्यामुळे नदीपासून लांब असलेली सखल जागा काठावरच्या उंच जागेपेक्षा आधी बुडू शकते. शामरावनगरसारख्या सखल भागात तर नुसत्या पावसाचं पाणीही तुंबतं. तिथल्या मोकळ्या प्लॉटवरचं हिरवं गवत दिवाळीपर्यंत टिकलं तर ती बाग नव्हे, दलदल समजा.

बागेला अगदी लागून घ्यावं की एक गल्ली आत?

सांगलीपुरतं बोलायचं तर एक गल्ली आत. लागून असलेल्या घराला देखावा मिळतो, त्याचबरोबर पहाटे साडेपाचला ओपन जिमच्या लोखंडाचा खडखडाट, संध्याकाळी फाटकासमोर भेळेच्या गाड्या आणि दुचाकी, गणपती-नवरात्रात मांडव आणि स्पीकर. खेळाच्या मैदानाला लागून असलेल्या घरांची वाढ शांत बागेपेक्षा कमी असते, हे परदेशी अभ्यासांतही दिसतं.

बागेत दिवे नसतील, फाटक मोडलेलं असेल आणि अंधार पडल्यावर कोपऱ्यात बाटल्या जमत असतील, तर ती बाग किंमत खाली ओढते. बाल्टिमोरमधल्या २००८ च्या अभ्यासात हेच निघालं : लूटमार कमी असलेल्या भागात बाग घराची किंमत वाढवते, एका मर्यादेपलीकडे लूटमार असेल तर तीच बाग किंमत घटवते. म्हणून बाग तीन वेळा बघा : रविवारी सकाळी, आठवड्यातल्या एखाद्या रात्री नऊला आणि पाऊस पडून गेल्यावर. तिसऱ्या फेरीत डास कळतात.

रेडी रेकनरमध्ये बागेचा वेगळा भाव असतो का? बँक काय धरते?

रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरपत्रक, मूल्यविभागानुसार दर देतो. त्याच विभागातलं बागेसमोरचं आणि गल्लीच्या टोकाचं घर दरासाठी सारखंच. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची किंमत यांतल्या जास्त रकमेवर भरायचं असतं, त्यामुळे बागेपोटी जास्त दिलेल्या पैशावरही शुल्क लागतं.

बँकेचा मूल्यांकनकार “बाग : अमुक लाख” अशी ओळ लिहीत नाही. जवळपासचे व्यवहार बघून तो आकडा देतो. त्याचा आकडा तुमच्या सौद्यापेक्षा खाली आला तर झळ तुमच्या खिशाला. समजा सौदा ४८ लाखांना ठरला. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा मूल्याच्या ८० टक्के. मूल्यांकन ४८ चंच आलं तर कर्ज ३८.४० लाख, पदरचे ९.६० लाख. मूल्यांकन ४५ आलं तर कर्ज ३६ लाख आणि पदरचे १२ लाख. तीन लाखांच्या “गार्डन व्ह्यू”साठी हातातले २.४० लाख जास्त उभे करावे लागतात. बयाणा देण्याआधी बँकेकडून मूल्यांकन करून घ्या, असं सांगतात ते यासाठी.

बागेमुळे नेमका किती फरक पडतो, हे स्वतः काढता येईल का?

ढोबळमानाने येतं. शास्त्रशुद्ध पद्धतीला शेकडो व्यवहार लागतात. एका कॉलनीत तेवढे होत नाहीत. त्याऐवजी जोड्या लावा. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सूची क्रमांक दोन (नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा) बघून त्याच परिसरातले गेल्या दीड वर्षातले पाच-सहा व्यवहार काढा. मग शक्य तितके सारखे दोन फ्लॅट निवडा : एक बागेसमोर, एक आत.

समजा दोन्ही ९०० चौरस फूट चटई क्षेत्राचे. एक ४,६०० रुपये दराने गेला, दुसरा ४,४०० ने. फरक २०० × ९०० = १,८०,००० रुपये. पण पहिल्याला झाकलेलं पार्किंग होतं आणि त्या इमारतीत त्याचे एक लाख घेतात. उरले ८०,०००. दुसऱ्याच्या ३९.६० लाखांवर हे दोन टक्के. पहिला तीन वर्षांनी नवा असेल तर तेही उरत नाहीत. हा हिशोब एकदा कागदावर केला की “बागेचे पाच लाख” ऐकताना तोंडावरची रेघ हलत नाही.

एक सावधगिरी : सूची दोनमध्ये लिहिलेली रक्कम म्हणजे पूर्ण व्यवहार असेलच असं नाही. आकडे सरकारी दराला चिकटून आले तर ते तुलनेतून वगळा.

बिल्डरने ब्रोशरमध्ये लॅंडस्केप गार्डन दाखवलं आणि दिलं नाही, तर?

५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा आणि आठपेक्षा जास्त सदनिकांचा प्रकल्प महारेरात (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात) नोंदवावा लागतो. तिथे मंजूर नकाशा टाकलेला असतो. ब्रोशरमधली बाग त्या नकाशावर शोधा. पुष्कळदा ती “भविष्यातील टप्पा” असते. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे मंजूर आराखड्यात मोठा बदल करायला दोन तृतीयांश घरधारकांची लेखी संमती लागते. जाहिरातीतल्या खोट्या माहितीमुळे नुकसान झालं तर कलम १२ खाली भरपाई मागता येते. त्यासाठी ब्रोशर, व्हॉट्सअॅपवर आलेले फोटो आणि पावत्या जपून ठेवा. करारनाम्यात सुविधांच्या यादीत “बाग, सुमारे इतकी चौ.मी.” असं लिहून घेतलं तर भांडण निम्म्यावर येतं.

घराजवळच्या झाडांमुळे पायाला धोका असतो का?

सांगलीच्या काळ्या मातीत हा प्रश्न गंभीर आहे. काळी माती मे महिन्यात आक्रसते आणि पावसात फुगते. मोठं झाड एका बाजूची ओल शोषून घेतं, त्या बाजूची माती जास्त आक्रसते आणि जोतं तिकडे खचतं. ओळखायचं कसं? खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर जाते, मे महिन्यात रुंदावते आणि ऑगस्टमध्ये मिटते. चिरेवर काचेची पट्टी सिमेंटने चिकटवा आणि तारीख लिहा. पट्टी तडकली तर हालचाल चालू आहे. नुसतं लांबी भरून रंग देणाऱ्या विक्रेत्याचं घर पावसाळ्यात छान दिसतं, म्हणून अशा घराला उन्हाळ्यात एक फेरी मारा.

अंतराचा ढोबळ नियम असा की झाड पूर्ण वाढल्यावर जेवढं उंच होईल त्याच्या किमान निम्मं अंतर भिंतीपासून असावं. बहावा, ताम्हण, कांचन चार-पाच मीटरवर चालतात. कडुनिंब, करंज सात-आठ. वड, पिंपळ, उंबर घराच्या प्लॉटमध्ये नकोतच. गुलमोहर आणि रेन ट्री दिसायला देखणे, पण वळवाच्या वाऱ्यात त्यांच्या फांद्या आधी मोडतात. नवं घर बांधत असाल तर काळ्या मातीत अंडर-रीम्ड पाइलचा (तळाशी फुगीर, खोलवर नेलेल्या खांबांचा) पाया परवडतो का, हे अभियंत्याला विचारा. आणि जुनं झाड एका झटक्यात तोडलं की माती उलट फुगून जोतं उचलतं, हेही लक्षात ठेवा.

विकण्याआधी प्लॉटवरचं झाड तोडलं तर भाव जास्त येतो का?

परवानगीशिवाय तोडणं गुन्हा आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ चा आहे, आणि अर्ज महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे करायचा असतो. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आला. बांधकामाच्या मधोमध झाड असेल तर अर्ज करा. कडेला असेल तर राहू द्या आणि नकाशावर दाखवा. पश्चिमेच्या भिंतीवर सावली देणारं झाड एप्रिल-मेमध्ये गिऱ्हाईक आणलं की स्वतःच बोलतं.

भाडं वाढतं का?

जवळजवळ नाही. भाडेकरू कॉलेज, दवाखाना, बसस्टॉप बघतो. विश्रामबाग भागात कॉलेजच्या मुलांना बाग समोर असली काय आणि नसली काय.

सोसायटीची बाग वाढवली तर फ्लॅटला भाव येईल का?

बाग टिकली तर. बहुतेक बागा पाण्याअभावी दुसऱ्या उन्हाळ्यात मरतात. हिरवळीला कडक उन्हाळ्यात रोज चौरस मीटरला साधारण पाच लिटर पाणी लागतं. १,००० चौरस फूट (९३ चौ.मी.) लॉन म्हणजे रोज ४६५ लिटर. चार माणसांच्या घराला लागणाऱ्या पाण्याच्या जवळपास. टँकर मागवणाऱ्या सोसायटीने लॉन करू नये. त्याऐवजी कडेने आठ-दहा झाडं लावा, खड्डे तीन फूट लांब-रुंद-खोल घ्या, काळी माती असेल तर तळाला मुरूम आणि पालापाचोळ्याचं खत घाला. बुंध्याभोवती एक मीटर जागा पेव्हर ब्लॉकशिवाय मोकळी सोडा. ब्लॉक बुंध्यापर्यंत नेले की पाणी मुरत नाही आणि पाचव्या-सहाव्या वर्षी मुळं ब्लॉक उचलायला लागतात. मग सभेत झाड काढायचा ठराव येतो, ब्लॉक काढायचा येत नाही.

घर विकताना बागेचा मुद्दा किंमतीत कसा मांडायचा?

फाइलमध्ये समोरच्या जागेचा भाग नकाशा आणि महापालिकेचं नाव असलेला उतारा आधीच ठेवा. घर शक्यतो सकाळी आठ ते दहा दाखवा. गिऱ्हाइकाने “समोर उद्या काय होईल?” असं विचारलं की बोलण्याऐवजी कागद पुढे करा. तो कागद नसेल तर बागेपोटी जास्त मागू नका. हुशार गिऱ्हाईक तिथेच घासाघीस सुरू करतं आणि बागेबरोबर पार्किंगचे पैसेही खाली आणतं.